वास की रूप? खाण्याचा स्टॉल लावताना आधी कशाला हात घालावा

दिवाळी सरली की मला फोन यायला लागतात. कुणी बचत गटातली असते, कुणी नोकरी सोडून घरगुती जेवणाचं काम नुकतंच सुरू केलेली. प्रश्न साधारण एकच असतो: प्रदर्शनात पहिल्यांदाच स्टॉल घेतलाय, पैसे मोजके आहेत, ते मांडणीवर घालू की समोर गरम-गरम करून द्यायच्या सोयीवर? म्हणजे माणूस आपल्या पदार्थाकडे वळतो तो नाकामुळे की डोळ्यांमुळे?

पुण्यातल्या जत्रा-प्रदर्शनांत मी गेली सहा वर्षं स्टॉल लावते. थालीपीठ, कोंबडी-वडे, सोलकढी आणि उकडीचे मोदक, एवढंच ठेवते. माझं मत आधीच सांगून टाकते. ओळखीचा पदार्थ वासावर खपतो, अनोळखी पदार्थ रूपावर. तुमच्यापुढे येणारं गिऱ्हाईक तो पदार्थ लहानपणापासून खात आलंय की आज पहिल्यांदा बघतंय, यावर बाकीचं सगळं ठरतं.

माझ्याच स्टॉलवरचे दोन पदार्थ शेजारी ठेवून बघा. थालीपीठाला रूप असं नाहीच. तपकिरी, कडेला वेडंवाकडं, मध्ये बोटानं पाडलेली भोकं. फोटोत तर ते अगदीच बिचारं दिसतं. पण त्या भोकांत तेल सोडलं, झाकण ठेवलं आणि दोन मिनिटांनी उघडलं, की भाजणीतल्या धण्यांचा खमंगपणा चार स्टॉल पलीकडे जातो. माणसं पाटी न वाचताच येतात आणि विचारतात, ‘‘भाजणीचं ना हो?’’ त्यांनी थालीपीठ अजून पाहिलेलंही नसतं.

सोलकढीचं नेमकं उलटं आहे. ती थंड. ओल्या नारळाचा आणि लसणीचा वास ग्लास ओठाशी नेल्यावरच येतो. पहिल्या वर्षी मी ती स्टीलच्या पातेल्यात झाकून ठेवली होती, तेव्हा आमच्याकडची माणसं सोडून कुणी मागितली नाही. दुसऱ्या वर्षी तीच कढी काचेच्या बरणीत भरून पुढच्या कडेला ठेवली. आमसुलाचा तो गुलाबी रंग बघून नागपूरची, इंदूरची, लखनौची मुलं थांबायला लागली. ‘‘ये क्या है?’’ असं विचारलं की निम्मं काम झालं. कृती तीच, नारळ तोच, बदलली फक्त बरणी.

असं का होतं, याचं एक कारण शरीरातच आहे. डोळ्यांनी पाहिलेलं मेंदूत आधी एका मधल्या ठाण्यावर जातं आणि मग पुढे. वासाचा निरोप मात्र ते ठाणं टाळून भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत फार लवकर पोहोचतो. माणसाच्या नाकात वास ओळखणारी सुमारे ४०० प्रकारची ग्राही प्रथिनं असतात. ती शोधून काढणाऱ्या रिचर्ड अॅक्सल आणि लिंडा बक यांना २००४ साली नोबेल मिळालं. म्हणून तर पार्ल्याच्या बिस्किट कारखान्याचा वास लोकलमधल्या माणसाला डोळे मिटूनही स्टेशन सांगायचा. तो कारखाना २०१६ मध्ये बंद झाला, तरी जुन्या पार्लेकरांशी बोलताना तो वास निघतोच.

पण आठवणच नसेल तर वासाला धरायला काही नसतं. आमच्या घरी सुकट भाजायला घेतली की पोरं ताट घेऊन बसतात. तोच वास ज्यानं कधी सुकी मासळी खाल्ली नाही त्याला नाकाला रुमाल लावायला लावतो. फणसाचंही तसंच. कापा असो की बरका, कोकणातल्या माणसाला तो वास मे महिन्याची सुट्टी आठवून देतो. नव्या माणसाला तो उग्र वाटतो आणि तो गरा हातातही घेत नाही. म्हणजे वास जसा बोलावतो तसा हाकलतोही, आणि एकदा हाकलला गेलेला माणूस जवळ येऊन बघत नाही. रूप असं एकदम हाकलत नाही. ते माणसाला थांबवतं आणि विचार करायला वेळ देतं.

रूपाची ताकद मला फार दिवस पटत नव्हती. मग फ्रान्समधल्या बोर्डो इथला एक प्रयोग वाचनात आला. २००१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. वाइनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना एक पांढरी वाइन दिली, आणि तीच वाइन बिनवासाचा लाल रंग घालूनही दिली. लाल दिसणाऱ्या ग्लासाचं वर्णन त्यांनी लाल वाइनच्या शब्दांत केलं. नाक तयार होतं, पण डोळ्यांनी त्याला काय हुंगायचं ते आधीच सांगून ठेवलं होतं. माझ्या रश्शाच्या बाबतीत मी हे रोज बघते. वर तर्री दिसली की ‘‘काय सुंदर वास सुटलाय’’ म्हणतात. तर्री खाली बसली, की तोच रस्सा कुणाच्या नाकात भरत नाही.

आता तुमच्या पदार्थाकडे या. तो कसा शिजतो ते बघा, कारण लांबवर जाणारा वास कुठून येतो हे त्यावरच ठरतं. भाजताना, तळताना पदार्थाचा पृष्ठभाग साधारण १४० अंश सेल्सिअसच्या वर गेला की त्यातली साखर आणि प्रथिनं एकमेकांवर काम करू लागतात. रंग सोनेरी-तपकिरी होतो आणि खमंग वास सुटतो. लुई-कामिय मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१२ मध्ये ही क्रिया मांडली. वाफवलेला पदार्थ १०० अंशांच्या आसपासच राहतो, त्यामुळे मोदक, पातोळ्या किंवा इडली कितीही चांगली झाली तरी तिचा वास रस्ता ओलांडत नाही. अशा पदार्थाला रूपच द्यावं लागतं. मोदकाच्या कळ्या नाजूक आणि सारख्या हव्यात, पारी पातळ हवी, आतलं चून पुसटसं जाणवलं पाहिजे. वासाची एकच संधी असते, ती झाकण उघडतानाची. मी मोदकपात्रात खाली हळदीचं पान घालते आणि झाकण गिऱ्हाईक समोर असतानाच उघडते. ती वाफ तेवढ्या क्षणापुरती असते, पण समोरचा माणूस मोदक घेतल्याशिवाय जात नाही.

कोल्हापूरचा तांबडा आणि पांढरा रस्सा एकाच ताटात येतात, आणि मला वाटतं हा सगळा प्रश्न त्या दोन वाट्यांत आहे. तांबडा डोळ्यांनी आधी उचलला जातो. पांढरा नुसता बघून नवख्या माणसाला काही कळत नाही. ज्यानं तो एकदा प्यायलाय तो मात्र खसखस, नारळ आणि मटणाच्या अळणीचा, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्याचा, वास आला की आधी पांढऱ्याची वाटी उचलतो.

खर्चाचा हिशेब सांगते. वास स्वस्त आहे. एक तवा किंवा कढई पुढच्या कडेला आणायची, एवढंच. मात्र तेल जुनं झालं की खवट वास सुटतो आणि तो चांगल्या वासापेक्षा लांब जातो, म्हणून तेलात काटकसर नको. मांडणीवर खर्च करायचा तर आधी दिवा बदला. पांढऱ्या ट्यूबखाली तळलेला पदार्थ मेलेला दिसतो, पिवळसर उजेडात तोच ताजा वाटतो. नंतर काचेची बरणी, केळीचं पान. एवढं पुरतं.

रंग घालू नका, हे मी हात जोडून सांगते. लाल रस्सा हवा असेल तर बेडगी मिरची वाढवा. ती रंग देते आणि जाळत नाही. तिखटपणासाठी संकेश्वरी आहेच. मार्च २०२४ मध्ये कर्नाटकानं गोबी मंचुरियन आणि कॉटन कँडीमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली, ती असल्याच चकाकीमुळे. आपलं अन्न पोरंबाळं खातात.

आणि रूप नि वास एकमेकांच्या विरुद्ध बोलायला लागले तर? तेव्हा मी आंब्याची पेटी आठवते. कार्बाइडनं पिकवलेला हापूस वरून एकसारखा पिवळाधमक दिसतो, पण देठाशी नाक नेलं तर तिथे काहीच नसतं. आपल्या देशात कार्बाइडनं फळ पिकवायला बंदी आहे. पेंढ्याच्या आढीत पिकलेला आंबा कुठे हिरवट राहतो, कुठे सुरकुततो, पण पेटी उघडली की घर भरतं. मी देठ हुंगल्याशिवाय आंबा घेत नाही. (साका, म्हणजे आतून बिघडलेला गर, मात्र नाक-डोळे दोघांनाही चकवतो, तो कापल्यावरच कळतो.)

फक्त ॲपवरून विकायचं असेल तर निर्णय सोपा आहे. फोनच्या पडद्याला वास नसतो, तिथे सगळा पैसा फोटोवर घाला. थालीपीठासारखा पदार्थ असेल तर त्यावर लोण्याचा गोळा वितळताना फोटो काढा. ज्यानं तो खाल्लाय त्याला वास त्या लोण्यातून आठवतो.

शेवटचं, फार थोड्यांच्या लक्षात येतं ते. स्वतःच्या स्टॉलचा वास आपल्याला काही मिनिटांतच येईनासा होतो, नाकाला त्याची सवय होते. पहिल्या दिवशी तवा तापला की कुणाला तरी उभं करून तुम्ही मैदानाच्या फाटकापर्यंत चालत जा आणि परत या. वारा किंवा मांडवातले पंखे तुमचा वास कुठे नेताहेत ते बघा. मागच्या भिंतीकडे जात असेल तर त्याच क्षणी तव्याची जागा बदला.