बीबीएफ (रुंद वरंबा-सरी) पेरणी यंत्र: जास्त पावसात सोयाबीनला खरंच कामाचं

औंदा जूनमधेच पाऊस नुसता कोसळला, वाफसा (पेरणीजोगी ओल) यायला तयार नाही आणि आमची जमीन काळी भारी, पाणी साचलं की सोयाबीन पिवळं पडतंच. पण बीबीएफनं पेरलेल्या तुकड्यात फरक डोळ्यानं दिसतोय, रुंद वरंब्यावर चार ओळी, दोन्हीकडच्या सरीतनं जास्तीचं पाणी निघून जातं, रोपं हिरवीगार, मुळी पांढरी. सपाट पेरलेल्या रानात मात्र पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. बियाणंपण एकरी 30 किलोऐवजी 22 च्या आसपास लागतं. फक्त ओल्यात घाई नको, चिखलानं नळ्या चोंदतात न् ओळ रिकामी जाते, आणि बी 3-4 सेंमीच्या खाली टाकू नका, उगवत नाही. भाड्यानं मिळालं तरी घ्याच.