‘मेमरी कमी आहे’ची पाटी आणि आमचा तेरा वर्षांचा कॉम्प्युटर : नऊ महिन्यांनंतर

सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरातला हा कॉम्प्युटर २०१२ च्या दिवाळीतला. इंटेलचा दुसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, एच-६१ चिपसेटचा बोर्ड, २ जीबी रॅम (चालू कामाची मेमरी), ५०० जीबीची हार्डडिस्क. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा घर सोडायच्या घाईत मिस्टरांनी आधी कॅबिनेट माळ्यावर चढवलं. गव्हाचं पोतं खालीच राहिलं, हे सासूबाई अजून ऐकवतात. त्यामुळे तो भंगारात द्यायचा विषय निघाला की घरात कुणीच तयार होत नाही.

मी घरबसल्या दोन अडत्यांचे आणि एका किराणा दुकानाचे हिशेब लिहिते. टॅली, एक्सेल, जीएसटीचं पोर्टल आणि व्हॉट्सॲप वेब एवढं दिवसभर उघडं असतं. संध्याकाळी लेकीचा अभ्यास. विंडोज ७ वरून २०१६ मध्ये फुकटात विंडोज १० मिळालं, पण ते ३२-बिटच (थोडीच रॅम ओळखणारी जुनी आवृत्ती) राहिलं होतं.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास पाटी यायला लागली : मेमरी कमी आहे, फाइली सेव्ह करा आणि हे प्रोग्रॅम बंद करा. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज दुपारी तीन-साडेतीनला. एकदा तर रिटर्न भरता भरता क्रोम आपणहून बंद पडलं आणि तासाभराचं काम गेलं. दुरुस्तीवाल्याला दाखवलं. त्यानं फॉरमॅट मारून दिलं, सातशे रुपये घेतले, आणि जाताना ‘स्पीडसाठी सेटिंग केलंय’ म्हणाला. पंधरा दिवसांत पाटी परत हजर. हे सेटिंग काय होतं ते पुढे कळलं.

पुतण्या पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. त्यानं फोनवर सांगितलं, ‘काकू, टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघड आणि कमिटेड समोरचे दोन आकडे वाच.’ वाचले : २.८ आणि ३.० जीबी. पहिला आकडा म्हणजे प्रोग्रॅमांनी आतापर्यंत मागून घेतलेली जागा, दुसरा म्हणजे विंडोज जास्तीत जास्त देऊ शकेल ती. रॅम आणि पेजिंग फाइल (रॅम कमी पडली की विंडोज हार्डडिस्कवर वापरतं ती जागा) यांची बेरीज म्हणजे हा दुसरा आकडा. पहिला त्याला टेकायला आला की पाटी येते. आमची रॅम २ जीबी, म्हणजे पेजिंग फाइल जेमतेम १ जीबी. ‘स्पीडसाठी’ त्या गृहस्थांनी १०२४ एमबीवर कुलूप लावून ठेवलं होतं.

मागे बसून माझे सासरे ऐकत होते. आबांनी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात चाळीस वर्षं दिवाणजी म्हणून काढली. त्यांना रॅम-बिम काही सांगावं लागलं नाही. ‘म्हंजे दुकानात माल मावंना की हरिपूरच्या पेवात टाकायचा. आन् पेवबी भरलं की?’ तेच झालं होतं. बाहेरच्या वाचकांसाठी : सांगलीजवळच्या हरिपुरात जमिनीच्या पोटात खोल पेवं असायची, त्यात हळद वर्षानुवर्षं राहायची. २००५ च्या महापुरानंतर त्यातली बरीच गेली. आबा पुढे म्हणाले ते मला कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त उपयोगी पडलं : ‘पेवातला माल लगेच हाताला येत न्हाई. तोंड उघडायचं, कोंडलेली हवा जाऊ द्यायची, मग माणूस उतरवायचा.’ रॅम आणि हार्डडिस्कमध्ये अगदी हाच फरक. फिरत्या डिस्कला हवी ती जागा गाठायला आठ-दहा मिलिसेकंद लागतात. रॅमला लागणारा वेळ त्याच्या लाखाव्या हिश्श्याच्या आसपास.

पहिला उपाय अर्थातच फुकटचा. सी ड्राइव्हवर २ जीबीसुद्धा मोकळे नव्हते, त्यामुळे पेव मोठं करायलाही जागा नव्हती. डाउनलोडमधले व्हॉट्सॲपचे व्हिडिओ काढले, डिस्क क्लीनअपनं अपडेटची अडगळ काढली, हायबरनेशन (रॅममधलं काम डिस्कवर ठेवून मशीन बंद करायची सोय) बंद केल्यावर आणखी पाऊणएक जीबी सुटली. सगळे मिळून नऊ जीबी मोकळे झाले. मग सिस्टिम प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, परफॉर्मन्सचं सेटिंग्ज, पुन्हा ॲडव्हान्स्ड, आणि तिथं व्हर्च्युअल मेमरीचं, म्हणजे पेजिंग फाइलचं, चेंज. आकडा भरल्यावर आधी ‘सेट’ दाबायचं, मग ‘ओके’. मी नुसतंच ओके दाबत होते आणि दोन दिवस काहीच बदलत नव्हतं. मी ४०९६ एमबी ठेवलं.

पाटी गेली. कॉम्प्युटर मात्र होता तिथंच. हार्डडिस्कचा लाल दिवा विझायचं नाव घेत नव्हता, टॅलीतून एक्सेलवर यायला चहाचा घोट व्हायचा. सगळीकडे ‘व्हर्च्युअल मेमरी वाढवा, प्रॉब्लेम सॉल्व्ह’ एवढंच सांगून थांबतात, ते मला पटत नाही. पेव वाढवल्यानं माल रस्त्यावर पडत नाही इतकंच. दुकान आहे तेवढंच राहतं.

खरा चोर वेगळाच निघाला. टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये ‘कमिट साइज’ हा रकाना आपण चालू करावा लागतो. तो चालू करून दिवसभर लक्ष ठेवलं. क्रोम सगळ्यात वर असणार हे माहीत होतं. पण त्याच्या खाली प्रिंटरचा शाई दाखवणारा एक मदतनीस प्रोग्रॅम सकाळी ४० एमबीवर होता, तो दुपारी तीनला ९०० च्या पुढे. घेतलेली जागा तो परतच करत नव्हता. रोज दुपारीच पाटी का येते, याचं उत्तर मिळालं. स्टार्टअपमधून त्याला काढला. छपाईला काडीचा फरक पडला नाही, शाई संपली की कागदच सांगतो.

तरीही २ जीबीत भागणार नव्हतंच, म्हणून फेब्रुवारीत रॅम घ्यायला निघाले. बोर्डाला दोनच खोबणी, आणि त्यात बसणारी जुन्या पिढीची डीडीआर-३ रॅम आता सेकंडहँडच परवडते. पहिल्या दुकानानं स्वस्तात ४ जीबीची पट्टी दिली. ती लावल्यावर स्क्रीन काळी आणि आतून नुसतं बीप-बीप. आधीच्या सवयीनं खोडरबरानं पट्टीचे दात घासले, दोनदा काढून बसवली, काही नाही. शेवटी फोटो पुतण्याला पाठवला. ती फक्त एएमडीच्या (प्रोसेसर करणारी इंटेलची स्पर्धक कंपनी) बोर्डांवर चालणाऱ्या पट्ट्यांपैकी होती, इंटेलवर उठतच नाही. दुकानदारानं कुरकुर करत परत घेतली. घेणाऱ्यांनी आपला बोर्ड इंटेलचा आहे हे आधीच सांगावं आणि दुकानातच लावून बघावी. दुसरीकडून ४-४ जीबीच्या दोन पट्ट्या नऊशेला मिळाल्या.

लावल्या, तर विंडोज म्हणतं : ८ जीबी बसवली, ३.४ वापरता येईल. ३२-बिटला चारच्या वरचं दिसत नाही. ३२ वरून ६४-बिटवर नुसतं अपग्रेड करून जाता येत नाही, कोरं इन्स्टॉल करावं लागतं. लायसन्स मात्र तेच चाललं. करायचंच आहे तर म्हणून १,६५० रुपयांची २४० जीबीची एसएसडी (आत काही न फिरणारी वेगवान डिस्क) घेतली आणि त्यावरच केलं. एच-६१ वर साटा (डिस्क जोडायची वाट) जुन्या वेगाचा असल्यामुळे डब्यावर छापलेल्या वेगाच्या निम्माच मिळतो. ज्यानं बारा वर्षं फिरती डिस्क वापरली त्याला निम्माही डोळे दिपवतो.

एक नुकसान झालं, आणि त्याबद्दल कुणी आधी सांगत नाही. आबांच्या दुकानाचा हिशेब पट्ट्या (शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या) काढायच्या एका जुन्या डॉस प्रोग्रॅममध्ये होता. ३२-बिटवर तो कसाबसा चालायचा. ६४-बिट विंडोज १६-बिटचे प्रोग्रॅम चालवतच नाही. आबा आठवडाभर गप्प होते. पुतण्यानं डॉसबॉक्स (जुने डॉस प्रोग्रॅम चालवून देणारा प्रोग्रॅम) टाकून दिल्यावर तो उघडतो, पण छापता येत नाही.

आता नऊ महिन्यांचं. पेजिंग फाइल मी पुन्हा विंडोजच्या हवाली केली आहे. ‘८ जीबी आहे, आता ती बंदच करून टाका’ असा सल्ला दोघांनी दिला, तो ऐकू नये. वरच्या बेरजेतला एक आकडा शून्य करायचा आणि मग पाटीची वाट बघायची, याला अर्थ नाही. हळदीचा हंगाम आणि मार्चअखेर एकत्र आले, तेव्हा सकाळी आठ ते रात्री अकरा मशीन चालू होतं, पाटी एकदाही आली नाही. जूनमध्ये एकदा आली. लेकीनं मोबाइलचे सगळे व्हिडिओ सी ड्राइव्हवर ओतले होते, त्यामुळे पेजिंग फाइलला वाढायला जागाच उरली नव्हती. व्हिडिओ जुन्या हार्डडिस्कवर हलवले, काम झालं. ती डिस्क सामान ठेवायला अजून लावलेली आहे. क्रोममधलं मेमरी सेव्हरही चालू ठेवलं आहे. मागे पडलेले टॅब ते झोपवतं, पण पोर्टलवर अर्धवट भरलेला फॉर्म असेल तर ती साइट त्यातून वगळून ठेवावी.

व्हिडिओ कॉल चालू असताना एक्सेल उघडलं की आय-थ्रीची दमछाक होते, त्याला रॅमचा इलाज नाही. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि विंडोज ११ या प्रोसेसरला अधिकृतपणे घेत नाही. सुरक्षेच्या वाढीव अपडेटसाठी नाव नोंदवलं आहे, ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतील. आतापर्यंतचा खर्च अडीच हजारांच्या थोडा वर, फॉरमॅटचे सातशे त्यात धरलेले नाहीत.

हे लिहिताना टॅली, एक्सेल आणि क्रोमचे चौदा टॅब उघडे आहेत. कमिटेड ५.१, मर्यादा ९.२. शेजारच्या छोट्या काळ्या खिडकीत आबा चष्मा कपाळावर चढवून १९९८ च्या पट्ट्या वाचत बसलेत.