मेस, हॉटेल की खोलीवरचा कुकर? पुण्यात शिकायला येणाऱ्यांसाठी

घरून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी तिसऱ्या दिवशी संपते, आणि मग जेवायचं काय हा प्रश्न खरा सुरू होतो. मी उदगीरहून पुण्यात आलो तेव्हा सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीत एका खाटेपुरतं भाडं देऊन, राहायचो. पुढे दोन वर्षं मी मेसमध्ये जेवलो, हॉटेलात जेवलो, खोलीवर शिजवलं, आणि खर्चाची वही ठेवली. यंदा येणाऱ्यांना या अनुभवाचा उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पुण्यात हा प्रश्न जुनाच आहे. पूर्वी गरीब विद्यार्थी माधुकरी मागायचे किंवा वार लावून जेवायचे, म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. आज त्या घरांची जागा मेसने घेतली आहे.

मेस

मेसचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे वेळ. अभ्यासिकेतून उठलात, ताट वाढून घेतलं, की अर्ध्या तासात परत जागेवर. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांसाठी हा फार मोठा आधार आहे. माझ्या मेसची दोन वेळची मंथली ३२०० रुपये होती. दुपारी पोळ्या, भाजी, वरण, भात आणि रविवारी दुपारी फीस्ट, म्हणजे खास जेवण. रविवारी रात्री मेस बंद.

मंथली भरायच्या आधी दोन दिवस रोखीने जेवून बघा. रविवारी नको, कारण त्या दिवशी सगळीकडेच चांगलं असतं. मंगळवार-बुधवारी रात्री उशिरा जा. साडेनऊला मिळणारी पोळी कशी आहे, वरणात डाळ तळाशी तरी सापडते का, ताटं कुठल्या पाण्यात धुतात, हे तेव्हा कळतं.

खाड्याचा, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा करण्याचा, नियमही आधीच विचारून घ्या. मी दिवाळीत नऊ दिवस गावी होतो. परत आल्यावर कळलं की आदल्या दिवशी सांगितलं नसेल तर खाडा धरत नाहीत. नऊ दिवसांचे पैसे गेले. तेव्हा फार वाईट वाटलं, कारण ते पैसे वडिलांनी हरभरा विकून पाठवले होते.

मेसची खरी उणीव आहे डाळीची आणि भाजीची. आठवड्यात चार दिवस बटाटा या ना त्या रूपात ताटात यायचा. मेसमध्ये पोट भरतं, पण भरतं ते पोळी-भातानेच. शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५५ किलोच्या मुलाला पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास. पातळ वरणाच्या दोन वाट्या त्याला पुरत नाहीत. मेस लावणार असाल तर खोलीवर अंडी किंवा भाजलेले फुटाणे ठेवाच. एका अंड्यातून सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात.

हॉटेल

गुडलकचा बनमस्का, वैशालीचा डोसा, नारायण पेठेतली मिसळ हे सगळं जरूर खा. पहिली स्टायपेंड आली की मित्रांना घेऊन जा. पण रोजचं जेवण म्हणून हॉटेल धरू नका. ॲपवरून मागवलेल्या १५० रुपयांच्या राईस प्लेटवर डिलिव्हरी, पॅकिंग, प्लॅटफॉर्म फी आणि ५ टक्के जीएसटी चढला की आकडा दोनशेच्या वर जातो. परीक्षेच्या रात्री दोन वाजता मागवलेलं तेलकट जेवण सकाळी पेपरला बसताना पोटात तसंच असतं.

खोलीवर शिजवणं

पहिला प्रश्न मालकाला विचारायचा: इंडक्शन चालेल का? कॉट बेसिसच्या बऱ्याच जागांवर शिजवायला मनाई असते, आणि सामान आत आल्यावरच हे सांगतात. मी याच कारणाने चौथ्या महिन्यात जागा बदलली. नव्या ठिकाणी सबमीटर, म्हणजे खोलीचा वेगळा वीजमीटर होता, युनिटला १२ रुपये. खिचडीला १२०० वॅटवर वीस मिनिटं लागतात, म्हणजे ०.४ युनिट, पाच रुपयांच्या आत. गॅस हवाच असेल तर पाच किलोचा छोटा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. पण बंद, एकाच खिडकीच्या खोलीत मला इंडक्शनच बरा वाटतो.

घरून साधा ॲल्युमिनियमचा कुकर उचलून आणू नका. तो इंडक्शनवर तापत नाही. बुडाला लोहचुंबक चिकटतं का ते बघून मगच भांडं घ्या. दोघांना तीन लिटरचा कुकर, एक कढई, एक पातेलं, सुरी, गाळणी एवढं पुरतं. रूममेट आणि मी, आम्हा दोघांचा मिळून इंडक्शनसकट ३६०० रुपये खर्च झाला.

पहिल्या दिवशी मी तुरीची डाळ आणि तांदूळ न भिजवता एकाच भांड्यात लावले. पाच शिट्ट्यांनंतर तांदळाचा लगदा झाला होता आणि डाळ दाताखाली कचकच करत होती. तुरीला तांदळापेक्षा जास्त वेळ लागतो, एवढी साधी गोष्ट मला माहीत नव्हती. मग आईने फोनवर सांगितलं: मुगाची डाळ घे. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, दोन्ही धुऊन दहा मिनिटं निथळत ठेवायचं. कुकरमध्येच तेल, मोहरी तडतडली की जिरं, हिंग, हळद, कढीपत्ता. डाळ-तांदूळ दोन मिनिटं परतून चार वाट्या गरम पाणी, मीठ, तीन शिट्ट्या. वाफ आपोआप जिरू द्यायची, शिट्टी उचलून घाई करायची नाही. झाकण काढल्यावर हिंगाचा आणि कढीपत्त्याचा जो वास खोलीभर पसरतो, त्याने थकवा निम्मा उतरतो. रोज सात वाजेपर्यंत प्रॅक्टिकल करून परतल्यावर मी त्या वासासाठीच कुकर लावायचो.

आता अडचणी. भाजी संपत नाही हा एकट्याचा मोठा त्रास. पावशेर भेंडीही दोन वेळा खावी लागते, कोथिंबीर तर सडतेच. दोघे-तिघे असाल तरच ताजी भाजी परवडते. एकाने शिजवायचं आणि दुसऱ्याने भांडी घासायची, तीही त्याच रात्री. आमच्या शेजारच्या खोलीतल्या तिघांची मैत्री सिंकमधल्या कढईवरून तुटली. शिजवायला पस्तीस मिनिटं आणि भांड्यांना पंधरा, असा जवळपास तास धरा.

भात उरेल एवढा लावू नका. फ्रिज नसेल तर रात्रीचा भात सकाळी फोडणी देऊन खायचा मोह होतो, पण उघड्यावर राहिलेल्या भातात बॅसिलस सिरियस नावाचे जिवाणू वाढतात. त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. एप्रिल-मेमधल्या पुण्यात तर हे अजिबात करू नका.

आणि पोळ्या करू नका. कणीक मळणं, लाटणं, भाजणं, पसारा आवरणं, यात शिकणाऱ्या माणसाची संध्याकाळ जाते. मुलांच्या स्वयंपाकाचे बेत बहुतेक इथेच मोडतात. पुण्यात पेठांमध्ये पोळी-भाजी केंद्रं आहेत. आमच्या गल्लीत आठ रुपयांना गरम पोळी मिळायची, ज्वारीची भाकरीही मिळायची. पोळी विकत, बाकी घरी. हे सुचल्यानंतरच आमचा कुकर नियमित चालू लागला.

वहीतला हिशेब

नोव्हेंबरमध्ये दोन वेळची मेस ३२०० आणि बाहेरचं १७४०, एकूण ४९४०. मेस लावल्यावर बाहेर खाणं थांबतं असं वाटतं, पण थांबत नाही. भाजी आवडली नाही की वडापाव, रविवारी रात्री अंडाभुर्जी, असं साठत जातं. जानेवारीत एक वेळची मेस १८००, पोळ्या ४८०, माझ्या वाट्याचा किराणा-भाजी-अंडी १३५०, वीज १२०, बाहेरचं ५००, एकूण ४२५०. महिन्याला ६९० रुपये वाचले. भांड्यांचे माझ्या वाट्याचे १८०० तिसऱ्या महिन्यात भरून निघाले.

माझं मत स्पष्ट आहे. दुपारी मेस, रात्री खोलीवर. पहिला महिना पूर्ण मेस लावा, शहर आणि वेळापत्रक समजू द्या, मग रात्रीची सोडा. परीक्षेला दोन महिने उरले असतील तर काहीच बदलू नका, मेसच ठेवा. एकटेच राहत असाल आणि जोडीदार मिळत नसेल तर रात्री डबा लावा, पण अंडी उकडण्यापुरतं एक भांडं ठेवा. मुलींपैकी ज्यांना रात्री नऊला मेसपर्यंत एकटीने चालत जायचं नाही, त्यांनाही डबा किंवा कुकरच बरा.

पैशांच्या हिशेबात न बसणारी एक गोष्ट सांगतो. फेब्रुवारीत माझा चिपळूणचा रूममेट तापाने तीन दिवस पडून होता. मेसची तिखट भाजी बघूनच त्याला उलटी व्हायची. मी मूठभर तांदळात भरपूर पाणी घालून मऊ भात लावला. त्याच्या आईने दिलेलं मेतकूट त्याच्या बॅगेत होतं आणि तूप शेजारून मागून आणलं. भिंतीला टेकून त्याने हळूहळू दोन वाट्या खाल्ल्या, तिसरी मागितली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा शांत झोपला.