आठ महिने हातपॉट वापरल्यानंतर: आइस्क्रीम, खडे मीठ आणि सासूबाईंचे काचेचे कप

गुढीपाडव्याच्या आधी तीन लिटरचा हातानं फिरवायचा आइस्क्रीमचा पॉट घेतला. आता दिवाळीही उलटली. मधल्या काळात वीसेक वेळा तरी तो अंगणात निघाला असेल, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिलाच घाणा खारट झाला. पॉट म्हणजे लाकडी बादली, तिच्या मधोमध दुधाचा डबा आणि भोवती बर्फ-मीठ. बादलीच्या बाजूला एक भोक असतं, डब्याच्या झाकणाच्या थोडं खाली. बर्फ वितळून वाढलेलं पाणी तिथून वाहून जायला हवं. आमचं भोक बर्फाच्या तुकड्यानं बुजलं, पाणी झाकणापर्यंत चढलं आणि दीड लिटर आटीव दूध मोरीत गेलं. तेव्हापासून दर पाच मिनिटांनी मी त्या भोकात काडी घालून बघते.

दुसरा त्रास बादलीचा. विकणाऱ्यानं काही सांगितलं नव्हतं. एप्रिलमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीपार जातो, कोरड्या हवेत लाकूड आकसतं आणि फळ्यांच्या फटींतून धार लागते. मी बादली परत करायला निघाले होते. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आधी तिला रात्रभर पाणी पाज." सकाळी फळ्या फुगून घट्ट बसल्या होत्या. उन्हाळ्यात हे दर वेळी करावं लागतं.

आता माझं माप बसलंय. दोन लिटर म्हशीचं दूध आटवून दीड लिटर, त्यात तीनशे ग्रॅम साखर आणि पाव किलो घट्ट साय. हे मिश्रण रात्रभर फ्रीजमध्ये. कोमट मिश्रण डब्यात ओतलं की अर्धा बर्फ ते थंड करण्यातच संपतो. डबा दोन तृतीयांशच भरायचा, कारण फिरवताना हवा मिसळून आइस्क्रीम फुगतं. बाहेरून आठ किलो बर्फ आणि दोन किलो खडे मीठ, थरावर थर. नुसता बर्फ शून्य अंशाच्या खाली नेत नाही आणि साखर घातलेलं दूध शून्याला गोठत नाही. मिठानं बर्फ वितळतो, वितळताना डब्यातली उष्णता ओढून घेतो, आणि बादलीतलं पाणी उणे दहा-पंधरापर्यंत सहज उतरतं. बारीक मीठ वापरू नका, ते लगेच विरघळून तळाला जातं.

पंचवीस-तीस मिनिटं फिरवावं लागतं. शेवटच्या पाच मिनिटांत हँडल जड होतं, तेव्हाच खरं काम असतं. हात थांबला की कडेला बर्फाचे खडे धरतात आणि जिभेला कचकच लागते. आइस्क्रीम मऊ राहावं म्हणून घालतात ती जीएमएस, सीएमसी पावडर मी एकदाही घातली नाही. मात्र हे आइस्क्रीम त्याच दिवशी संपवायचं. फ्रीझरमध्ये ठेवलं तर दुसऱ्या दिवशी दगड होतं.

सगळ्यात छान झालं ते ऑक्टोबरमधलं सीताफळाचं. गर कधीही गरम करायचा नाही, कडू होतो. आइस्क्रीम अर्धं घट्ट झालं की मगच गर मिसळायचा. डाळिंबाच्या रसाचं दोनदा फसलं, रसात पाणी फार. आता दाणे नुसते वरून घालते. शेंगदाण्याची चिक्की जाडसर कुटून घातली तेव्हा पोरांनी डब्याचा तळ खरवडला.

कपांबद्दल मला जास्त बोलायचंय. माझं माहेर कराडचं. शेजारच्या ओगलेवाडीचा काच कारखाना १९१६ सालचा, तिथले प्रभाकर कंदील आमच्या घरात होते, त्यामुळे काचेचा लळा तिकडचाच. सासूबाईंच्या लग्नातले सहा पायवाले कप माळ्यावर चादरीत गुंडाळलेले सापडले. काच फिकट हिरवी, कडा झालरीसारख्या, साच्याची शिवण बोटाला लागते. एकाच्या बुडात तांदळाएवढा बुडबुडा आहे.

स्टीलच्या वाटीत हे मऊ आइस्क्रीम दोन मिनिटांत कडेनं पातळ होतं. जाड काच हाताची ऊब लवकर आत जाऊ देत नाही. पण कप फ्रीझरमध्ये ठेवायचे नाहीत. मे महिन्यात मी ठेवले आणि काढून लगेच नळाखाली धरले. टाकीतलं पाणी उन्हानं तापलेलं, एक कप देठापासून तडकला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, तुकडे स्वतः वेचले. आता अर्धा तास फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवते आणि धुण्याआधी साध्या हवेवर येऊ देते. जुन्या बाजारातून जोडीला दोन आणले. घेताना काठावरून नख फिरवून बघा. टवका असेल तर डोळ्यांआधी नखाला कळतो.

पॉटच्या दातेरी चाकांना मिठानं गंज धरतो. गोड्या पाण्यानं धुऊन, पुसून खोबरेल लावते. तरी हँडलचा नट सहाव्या महिन्यात झिजला, विकणाऱ्यानं हात वर केले, शेवटी सायकलवाल्याकडून बसवून घेतला. खारं पाणी झाडांना घालू नका, माझी तुळस त्यातच गेली.

आठ-दहा माणसांचं घर असेल तर तीन लिटरचा घ्या. दोघांसाठी एवढा बर्फ फोडणं परवडत नाही. कोजागिरीला गच्चीवर सगळे जमले तेव्हा कप सात आणि माणसं अकरा होती. लहानांना स्टीलच्या वाट्या दिल्या. बुडबुड्याचा कप सासूबाईंनी मागून घेतला.