स्पॉन्सरशिप प्रलंबित असताना व्हिजिटर व्हिसा: जळगावातील एका सल्लागार कार्यालयाविषयी

जळगावच्या रिंग रोड परिसरातील एका व्हिसा सल्लागार कार्यालयामार्फत आम्ही माझ्या मुलीचा कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा करून घेतला. जावई ओंटारियोत कायमस्वरूपी रहिवासी आहेत, पत्नीला कायमचे तिकडे बोलावून घेण्यासाठी त्यांनी दाखल केलेला स्पॉन्सरशिपचा अर्ज प्रक्रियेत आहे, आणि तो निकाली निघेपर्यंत मुलीने महाविद्यालयाच्या उन्हाळी सुट्टीत तिकडे जाऊन यावे, एवढाच आमचा विचार होता. स्पॉन्सरशिप प्रलंबित असताना व्हिजिटर व्हिसा मिळतो का, हा प्रश्न खानदेशातील पुष्कळ घरांतून आता विचारला जातो, म्हणून या कार्यालयाचे काम कोठे उत्तम आहे आणि कोठे सावध राहावे, हे सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत आधी त्यांच्या जमेची बाजू. ‘पीआरची (कायमस्वरूपी रहिवासाची) फाईल टाकलेली असली की व्हिजिटर व्हिसा नाकारलाच जातो, म्हणून ती गोष्ट सांगूच नये’ असा एक समज आपल्याकडे घट्ट बसलेला आहे, आणि याच शहरातील दुसऱ्या एका एजंटाने आम्हाला अगदी तोच सल्ला दिला होता. या कार्यालयातील बाईंनी मात्र पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले, “काका, लपवायचं काहीच नाही. ते आपण आपणहून सांगायचं.” त्यामागचा कायदा त्यांना नीट ठाऊक होता. कॅनडाच्या स्थलांतर कायद्याच्या कलम २२ मधील दुसऱ्या पोटकलमानुसार, पुढे कायमचे राहण्याची इच्छा असणे हे तात्पुरत्या प्रवेशाच्या आड येत नाही. फक्त दिलेली मुदत संपेपर्यंत ही व्यक्ती देश सोडील, अशी अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. व्हिसाच्या अर्जातच ‘यापूर्वी कॅनडात प्रवेशासाठी किंवा राहण्यासाठी अर्ज केला होता का’ असा थेट प्रश्न असतो. त्याला ‘नाही’ असे उत्तर देणे म्हणजे ज्या खात्याकडे स्पॉन्सरशिपची फाईल पडून आहे, त्याच खात्याला खोटे सांगणे. कलम ४० खाली चुकीच्या माहितीबद्दल पाच वर्षांची बंदी येऊ शकते, आणि ती केवळ व्हिजिटर व्हिसापुरती राहत नाही. चालू असलेली पीआरची फाईलही तिच्यात सापडते. दोनचार महिन्यांच्या भेटीसाठी एवढा धोका पत्करायला सांगणारे लोक फी कशाची घेतात, हे मला समजलेले नाही.

अर्जासोबतचे पत्र हा या कार्यालयाच्या कामाचा सर्वांत चांगला भाग आहे. त्यात प्रलंबित अर्जाचा क्रमांक, भेटीचे कारण, राहण्याचा कालावधी, खर्च कोण करणार आणि स्पॉन्सरशिपचा निर्णय तोपर्यंत आला नाही तर मुलगी भारतात परत येऊन येथूनच वाट पाहील, हे सर्व साध्या भाषेत मांडलेले होते. पहिल्या मसुद्यात आलेली ‘पतीपासून दूर राहणे असह्य झाले आहे’ अशा धर्तीची भावुक वाक्ये बाईंनी स्वतःच काढून टाकली. परत येण्याची खात्री ज्याला हवी आहे, त्याच्यासमोर न येण्याचे कारण आपणच कशाला ठेवावे, हा त्यांचा युक्तिवाद मला पटला. मुलगी अमळनेरला महाविद्यालयात अध्यापन करते. तिचे रजामंजुरीचे पत्र आणि त्यात रुजू होण्याची तारीख असावी, हा आग्रहही योग्य होता. जावयांच्या पगाराच्या पावत्या, कर निर्धारणाची सूचना आणि पीआर कार्डाची प्रत त्यांनी वेळेत मागवून घेतली.

कर्मचाऱ्यांची वागणूक सौजन्याची आहे. समोरचे गृहस्थ यावल-रावेरकडचे असले तर लेवा बोलीत आणि पारोळ्याकडचे असले तर अहिराणीत, असे समजावून सांगणारी मुलगी तेथे बसते, आणि इंग्रजी अर्जांना बिचकणाऱ्या पालकांसाठी ही सोय मोठी आहे. मराठी कागदांची भाषांतरे कुटुंबातील व्यक्तीने केलेली चालत नाहीत, म्हणून निवृत्त इंग्रजी शिक्षक असूनही मला त्यांनी लेखणीला हात लावू दिला नाही. नियम त्यांच्या बाजूने होता.

फाईल जाड करण्याचा हव्यास मात्र त्यांना आवरत नाही. माझ्या नावावरच्या केळीच्या शेताचा सातबारा, आठ-अ, त्यांची भाषांतरे आणि वर सनदी लेखापालाकडून मालमत्तेचे मूल्यांकन, हे सर्व त्यांनी जोडायला लावले. जमीन वडिलांची आणि अर्ज विवाहित मुलीचा. तिची स्वतःची नोकरी आणि स्वतःचे बँक खाते यांच्यापुढे या बाडाचे वजन फार नव्हते, असे माझे मत आहे. मूल्यांकनाचा खर्च अर्थात आम्हीच केला.

पैशांच्या बाबतीत खरी तक्रार आहे. व्हिजिटर व्हिसाचे शासकीय शुल्क १०० कॅनेडियन डॉलर आणि बायोमेट्रिक्सचे (बोटांचे ठसे व छायाचित्र) ८५ डॉलर आहे. त्यांच्या अंदाजपत्रकात दोन्ही रकमा धरलेल्या होत्या. मुलीने स्पॉन्सरशिपच्या अर्जासाठी मुंबईच्या केंद्रात बोटांचे ठसे आधीच दिलेले होते, आणि पीआरचा अर्ज चालू असताना तात्पुरत्या व्हिसासाठी ते पुन्हा द्यावे लागत नाहीत. आम्ही हे दाखवून दिल्यावर रक्कम वगळण्यात आली, पण ज्या कार्यालयाला कलम २२ तोंडपाठ आहे, त्याला हे माहीत नसावे, हे पटत नाही. शासकीय शुल्क आणि स्वतःची फी एकाच आकड्यात सांगण्याची पद्धत त्यांनी सोडली पाहिजे.

परवान्याविषयीही विचारावे लागते, कारण ते आपणहून सांगत नाहीत. मोबदला घेऊन कॅनडाच्या अर्जात प्रतिनिधित्व करण्याचा अधिकार तेथील वकील आणि त्यांच्यासारखे मोजके विधिज्ञ वगळता इमिग्रेशन सल्लागारांच्या नियामक संस्थेच्या (‘कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स’) परवानाधारक सदस्यांनाच आहे. येथील कार्यालय कागद गोळा करते, प्रतिनिधी म्हणून सही करणारा सल्लागार ओंटारियोत बसतो. त्याचे नाव आम्ही सार्वजनिक नोंदवहीत पाहून घेतले, ते चालू स्थितीत होते, आणि मगच प्रतिनिधी नेमण्याच्या फॉर्मवर मुलीची सही झाली.

व्हिसा मिळाला. मात्र मे २०२३ मध्ये कॅनडा सरकारने जोडीदारांचे व्हिजिटर अर्ज लवकर निकाली काढण्याचे धोरण जाहीर केले होते, तेव्हा सगळे श्रेय कार्यालयाच्या पदरात टाकता येणार नाही. पासपोर्टवर शिक्का बसल्यानंतर त्यांचा रस मावळतो. व्हिसाची मुदत वेगळी आणि राहण्याची परवानगी वेगळी, ती विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि सहसा सहा महिने देतो, मुदत वाढवायची तर ती संपण्याआधी अर्ज करावा लागतो, हे त्यांनी निघण्यापूर्वी सांगायला हवे होते. आम्ही विचारले तेव्हा नव्या फीचा आकडा ऐकायला मिळाला. ज्यांना कागदपत्रे स्वतः जमवता येतात, त्यांनी या कार्यालयाकडून केवळ पत्र आणि अर्जाची तपासणी करून घ्यावी. तेवढ्यापुरती वेगळी फी ते आकारतात, पण ती विचारल्याशिवाय सांगत नाहीत.