घरचा सर्व्हर: कॅडी बरा की एन्जिनएक्स-सर्टबॉट?

जुन्या लॅपटॉपवर उबंटू टाकलंय, डोमेन घेतलंय, आता घरच्या फोटोंची साइट एचटीटीपीएसवर चालवायची आहे. त्यासाठी लागणारं सर्टिफिकेट, म्हणजे डोमेन तुमचंच असल्याचा दाखला, लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था फुकट देते. साइट पुरवायला कॅडी किंवा एन्जिनएक्स यांपैकी एक वेब सर्व्हर प्रोग्रॅम लागतो. प्रश्न एवढाच, की ते आणायचं आणि सांभाळायचं कुणी?

त्याआधी राउटरच्या पानावर वॅन आयपी (राउटरचा इंटरनेटकडचा पत्ता) बघून घ्या. तो १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे बाहेरचा एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेल्याला राउटरनं लॅपटॉपकडे धाडणं) कितीही करा, बाहेरून कुणी आत येणार नाही. इंटरनेटवाल्याकडे स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा स्वतःचा, आयपी मागा. क्लाउडफ्लेअर कंपनीचा टनेल (त्यांच्या सर्व्हरमार्फत घरी येणारी वाट) फुकटात काम भागवतो, पण एन्क्रिप्शन त्यांच्या सर्व्हरवर उघडतं. घरच्या फोटोंसाठी मला ते पटत नाही.

आता कॅडी. कॅडीफाइल या त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये डोमेनचं नाव, पुढे महिरपी कंसात फोल्डरचा पत्ता आणि फाइल सर्व्हर चालू करणारी ओळ. संपलं. सर्टिफिकेट तोच आणतो, तोच नवं करतो, साध्या एचटीटीपीवर आलेल्याला एचटीटीपीएसवर वळवतोही.

एन्जिनएक्स २००४ पासूनचा, त्यामुळे काहीही अडलं तरी कुणीतरी आधी सोडवलेलं असतंच. पण सेमीकोलन राहिला की रुसतो, म्हणून रीलोडआधी त्याच्या कमांडला '-टी' लावून कॉन्फिग (सेटिंगची फाइल) तपासायची सवय हवी. सर्टिफिकेट आणायला आणि नवं करायला सर्टबॉट हा प्रोग्रॅम वेगळा बसवावा लागतो. एकदा घडी बसली की तोही मुकाट काम करतो.

खरा फरक कळायला मला तीन महिने लागले. सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं. सगळं नीट चालतंय म्हटल्यावर मी शहाणपणा करून राउटरवरचं साध्या एचटीटीपीचं ८० नंबरचं पोर्ट बंद केलं. एचटीटीपीएसचं ४४३ उघडं आहे ना, मग हे कशाला? पुढे एका सकाळी आत्याचा फोन: "अरे, तुझ्या फोटोंवर लाल पाटी येतेय, व्हायरस शिरला का?" सर्टबॉट एन्जिनएक्ससोबत डोमेन आपलंच असल्याची पडताळणी ८० वरूनच करतो. सर्टिफिकेट नवं करताना महिनाभर तो रोज आपटत होता आणि लॉगमध्ये लिहीत होता; शेवटी जुन्याची मुदत संपली. लॉग कोण उघडतो? मुदत संपत आल्याची ईमेल लेट्स एन्क्रिप्टनं जून २०२५ पासून बंद केली आहे, म्हणजे आता आत्याच कळवणार.

कॅडीला ८० वरून जमलं नाही तर तो ४४३ वरूनच पडताळणी उरकतो. माझी चूक त्यानं पोटात घातली असती.

म्हणून पहिलाच सर्व्हर असेल तर डोळे मिटून कॅडी घ्या. ऑफिसात एन्जिनएक्स हाताळत असाल किंवा तेच शिकायचं असेल, तर सर्टबॉट चालेल. फक्त ८० उघडं ठेवा आणि 'रिन्यू'ची ड्राय रन (नुसती तालीम) अधूनमधून मारा. कॅडी डॉकरमध्ये, म्हणजे कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात, चालवणार असाल तर त्याचा डेटा फोल्डर व्हॉल्यूमवर (कंटेनरबाहेर टिकणाऱ्या जागेत) ठेवा. नाहीतर कंटेनर नव्यानं बनवला की दरवेळी तो नवं सर्टिफिकेट मागतो, आणि त्याच नावासाठी आठवड्याला पाचच मिळतात.