‘जय भीम कॉम्रेड’, ‘कोर्ट’ की ‘सैराट’: एकाच संध्याकाळी काय दाखवावं?

एप्रिल जवळ आला की वाचनालयं, महाविद्यालयांची चित्रपट मंडळं आणि आंबेडकर जयंती उत्सव समित्यांकडून एक प्रश्न हमखास येतो. जातीच्या प्रश्नावर एक चित्रपट दाखवायचाय, एकच संध्याकाळ हाताशी आहे, कोणता घेऊ? चर्चेत फिरून फिरून तीन नावं येतात: आनंद पटवर्धन यांचा माहितीपट ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११), चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) आणि नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (२०१६). निवड करताना बहुतेकांच्या मनात एक हिशोब आधीच झालेला असतो. माहितीपट म्हणजे रूक्ष, गंभीर नाट्य म्हणजे जाणकारांपुरतं आणि गाजलेला चित्रपट म्हणजे सगळ्यांना चालणारा.

हा हिशोब मला अजिबात मान्य नाही. तिघांत सगळ्यात जास्त गाणं माहितीपटात आहे. सगळ्यात कोरडा, हट्टाने कोरडा ठेवलेला आहे तो ‘कोर्ट’. आणि ज्याच्या गाण्यांवर अख्खा महाराष्ट्र वरातीत नाचला, त्याचा शेवट या तिघांत सगळ्यात निर्दय आहे. त्यामुळे प्रकार बघून निवडू नका. समोर कोण बसणार आहे आणि तुमच्याकडे वेळ किती आहे, ते बघा.

‘जय भीम कॉम्रेड’पासून सुरुवात करतो, कारण त्याच्याबद्दल गैरसमज सगळ्यात जास्त आहेत. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. लोक रस्त्यावर उतरले, राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि १० जण मारले गेले. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या घरात गळफास घेतला. डाव्या चळवळीत उभं आयुष्य गायलेल्या या माणसाने जाताना डोक्याला निळं कापड बांधलं होतं. पटवर्धनांच्या ‘हमारा शहर’ या आधीच्या माहितीपटात घोगरे गायले होते, त्यामुळे दिग्दर्शकासाठी ही बातमी नव्हती, ओळखीचा माणूस गेला होता. तो लाल झेंड्याखालून निळ्याकडे का वळला, या प्रश्नाचा माग काढत कॅमेरा पुढची १४ वर्षं फिरला.

त्या १४ वर्षांत जे टिपलं गेलंय ते दुसऱ्या कुठल्याच चित्रपटात मिळणार नाही. वस्त्यांमधले जलसे, भीमगीतं, घरच्या ओट्यावर डफ घेऊन बसलेली माणसं, खैरलांजीच्या दलित हत्याकांडानंतरचा संताप आणि पुढे पुण्याच्या कबीर कला मंच या गाणी-नाटकं करणाऱ्या गटाची तरुण पोरं. त्यातली शीतल साठे गायला लागते तेव्हा प्रेक्षागृहातली कुजबुज थांबते, हे मी वेगवेगळ्या गावांत पाहिलंय. माहितीपटाचं खरं बळ इथे आहे. ती बाई नट नाही, तिचा आवाज दुसऱ्या कुणी दिलेला नाही, आणि चित्रपट संपल्यावरही तिच्या आयुष्यात पुढे काहीतरी घडणारच असतं. घडलंही. नक्षलवाद्यांशी संबंध असल्याचा आरोप झालेले मंचाचे शीतल साठे आणि सचिन माळी एप्रिल २०१३ मध्ये विधान भवनासमोर येऊन स्वतःहून अटक झाले.

रमाबाई नगरात जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, म्हणून गोळ्या झाडल्या, असं पोलिसांचं म्हणणं होतं. पटवर्धन त्यावर भाषण करत नाहीत. टँकर कुठे होते आणि माणसं कुठे पडली हे ते उपलब्ध चित्रणातून तपासत जातात. वकिली शिकणाऱ्या मुलांना एवढा भाग जरी दाखवला तरी पुरे.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. चित्रपट जवळपास तीन तासांचा आहे. रिपब्लिकन गटांच्या युत्या-आघाड्यांचा भाग त्या काळचं राजकारण माहीत नसलेल्या विशीतल्या प्रेक्षकाला पेलत नाही, तिथे खुर्च्या हलायला लागतात. शहरातल्या सुखवस्तू लोकांच्या मुलाखतींवर प्रेक्षक हसतात आणि हसून मोकळे होतात, त्याचं मला वाईट वाटतं. त्या माणसांत आणि आपल्यात फार अंतर नाही, हे हसताना लक्षात येत नाही.

‘कोर्ट’ची गोष्टही शाहिराचीच. ‘जय भीम कॉम्रेड’ पाहिलेल्याला तो लगेच ओळखीचा वाटतो. नारायण कांबळे या वृद्ध शाहिराच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने गटारात उतरून जीव दिला, असा आरोप ठेवून त्याला अटक होते. गाणी संभाजी भगत यांची. कांबळेच्या भूमिकेतले वीरा साथीदार हे नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते, ‘विद्रोही’ या नियतकालिकाचे संपादक. २०२१ मध्ये करोनाने ते गेले. काल्पनिक गोष्टीत खरा माणूस उभा केल्यामुळे त्या चेहऱ्यावर एक थकवा आहे, तो कुठल्याही तालमीतून येणारा नाही.

पण ताम्हाणे शाहिराच्या मागे जात नाहीत. ते न्यायालयातल्या लोकांच्या मागे त्यांच्या घरी जातात. बचाव पक्षाचा वकील सुपरमार्केटमध्ये चीज आणि वाइन घेतो. सरकारी वकील बाई मुलाला घेऊन लोकलने घरी जातात, स्वयंपाक करतात, सुट्टीत कुटुंबासोबत मराठी नाटक बघतात, आणि ते नाटक परप्रांतीयांची टिंगल करणारं असतं. न्यायाधीश बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून एका बाईचं प्रकरण पुढे ढकलतात. यातलं कुणीही दुष्ट नाही. गीतांजली कुलकर्णी यांनी ती सरकारी वकील इतकी साधी, इतकी शेजारची केली आहे की तिचा राग येत नाही, आणि तेच बोचत राहतं. ‘जय भीम कॉम्रेड’ अन्याय कुणावर झाला हे सांगतो. ‘कोर्ट’ सांगतो की तो रोजच्या कामकाजात, तारखांमध्ये, घड्याळाकडे बघत कसा होत राहतो.

एक प्रसंग जवळून सांगतो. मेलेल्या कामगाराची बायको साक्षीला उभी राहते. नवरा गटारात उतरण्याआधी काय करायचा, असं वकील विचारतो. ती सरळ आवाजात सांगते: आधी खडा टाकायचा, झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे असं समजून उतरायचा. दारू का प्यायचा? घाण सहन व्हावी म्हणून. विषारी वायूने त्याचा एक डोळा आधीच गेला होता. कॅमेरा हलत नाही, तिच्या चेहऱ्यात घुसत नाही, संगीत वाजत नाही. लेखनिक जबानी टंकत राहतो. अश्रूंना वाव न देता मराठी पडद्यावर इतकं मोठं दुःख क्वचितच कुणी मांडलं असेल. व्हेनिसच्या महोत्सवातले पुरस्कार आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं ते योग्यच झालं, पण मला विचाराल तर हा एक प्रसंग त्या सगळ्यापेक्षा मोठा आहे.

अडचण अशी की पहिला अर्धा तास तयारी नसलेला प्रेक्षक गोंधळतो. गोष्ट सुरू कधी होणार, असं विचारतो. दाखवणार असाल तर आधी दोन मिनिटं बोला: कॅमेरा लांब उभा राहील, घाई करणार नाही, चौकटीच्या कडेला काय चाललंय तेही बघा.

‘सैराट’बद्दल कमी लिहितो, कारण तो बहुतेकांनी पाहिला आहे. मराठीत १०० कोटींचा टप्पा ओलांडणारा हा पहिला चित्रपट. अर्ची पाटलाची, परश्या मच्छीमाराच्या घरातला. उजनीचं पाणी, करमाळ्याकडची बोली, अजय-अतुल यांची गाणी, बुलेट चालवणारी मुलगी. लोकांना आठवतो तो हा पूर्वार्ध. माझ्या लेखी मोलाचा आहे तो हैदराबादचा उत्तरार्ध, ज्यात एकही गाणं नाही. पाटलाच्या वाड्यातली मुलगी झोपडपट्टीच्या सार्वजनिक शौचालयासमोर अडखळते, आणि ज्याच्यासाठी ती पळून आली तोच एक दिवस संशयाने तिच्यावर हात उचलतो. गाजलेल्या प्रेमकथेत नायकाला इतकं खाली आणायला धाडस लागतं. शेवट सांगत नाही. न पाहिलेला एक जरी प्रेक्षक असला तरी तो त्याला स्वतःच भेटू द्या.

‘सैराट’ची मर्यादा त्याच्या यशातच आहे. लोकांनी ‘झिंगाट’ उचललं आणि बाकीचं तिथेच ठेवलं. वर्गात दलित कविता शिकवणाऱ्या लोखंडे सरांच्या कानाखाली पाटलाचा पोरगा मारतो, आणि तक्रार करण्याऐवजी सरांनाच पाटलाची ओळख करून दिली जाते, तो प्रसंग कुणाला विचारला तर आठवत नाही. सारा चित्रपट त्या एका थपडेत आहे.

आता निवडीकडे येऊ. जयंतीचा खुला कार्यक्रम असेल, मैदानावर पडदा असेल, लहान-थोर सगळे असतील, तर माझं मत ‘जय भीम कॉम्रेड’ला, तोही मध्यंतर घेऊन. ज्या वस्तीत ही गाणी पाठ आहेत तिथे तो कंटाळवाणा होण्याची भीती बाळगू नका, लोक सोबत गातात. सवर्णबहुल गृहसंकुल किंवा महाविद्यालय असेल, ‘आमच्याकडे जात पाळत नाहीत’ असं जिथे सहज म्हटलं जातं, तिथे ‘कोर्ट’च दाखवा. आपण गुन्हेगार नाही या समाधानाला तो जसा हात घालतो तसा बाकी दोघे घालत नाहीत. दहावी-अकरावीच्या मुलांसाठी ‘सैराट’, पण पुढे तासभर बोलायला मिळणार असेल तरच. नाहीतर मुलं गाणी गुणगुणत किंवा नुसती हादरून घरी जातील. तेवढा वेळ नसेल तर मंजुळ्यांचाच ‘फँड्री’ घ्या. तो पावणेदोन तासांच्या आत संपतो आणि त्यातला जब्याही शाळकरी पोरगाच आहे.

तीन संध्याकाळी मिळाल्या तर क्रम उलटा लावा: आधी ‘सैराट’, मग ‘कोर्ट’, शेवटी ‘जय भीम कॉम्रेड’. घोगरे यांचं गाणं ऐकताना नारायण कांबळे आठवेल आणि ती गोष्ट हवेतून आलेली नव्हती हे कळेल. आणि ‘कोर्ट’च्या दिवशी दिवे सांभाळणाऱ्याला आधीच सांगून ठेवा. न्यायालयाला सुट्टी लागते, दिवे एकेक करून मालवतात आणि पडदा बराच वेळ काळा राहतो. तिथे चित्रपट संपलेला नसतो, अजून न्यायाधीशांची सहल बाकी असते.